'पोर्ट' या शब्दाची पंचवीस वर्षं

'अमुक सॉफ्टवेअर लिनक्सवर कधी येणार?' हा प्रश्न जोरात विचारला जाऊ लागला तो १९९८ पासून. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम; एका सिस्टिमचं सॉफ्टवेअर दुसरीवर चालेल असं बनवणं म्हणजे 'पोर्ट'. त्या वर्षी बड्या डेटाबेस कंपन्यांनी एकापाठोपाठ एक लिनक्स आवृत्त्या जाहीर केल्या. त्यांना ते फारसं जड गेलं नाही. त्यांचा माल आधीच चार-पाच जातींच्या युनिक्सवर (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) चालत होता, त्यात आणखी एकाची भर. चित्रपटांच्या ॲनिमेशनचंही तसंच झालं. स्टुडिओंनी महागडी युनिक्स वर्कस्टेशनं सोडून साध्या पीसीवर लिनक्स घेतलं आणि २००१ मध्ये 'माया' हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर तिथे आलं. गाडं अडलं ते डेस्कटॉपवर, आणि तिथेच 'पोर्ट' या शब्दाचा गुंता झाला.

कोरेल कंपनीच्या वर्डपरफेक्ट या लेखनाच्या सॉफ्टवेअरचंच बघा. १९९८ च्या अखेरीस त्याची आठवी आवृत्ती लिनक्सवर आली. जुन्या युनिक्स आवृत्तीवरून बेतलेली, लिनक्ससाठीच कंपाइल केलेली (मूळ कोडवरून चालणारा प्रोग्रॅम बनवलेली), म्हणजे अस्सल पोर्ट. वैयक्तिक वापरासाठी ती फुकट डाउनलोड करता यायची. २००० मध्ये त्याच कंपनीने अख्खा ऑफिस संच आणला, पण या खेपेला विंडोजचाच कोड 'वाइन'च्या, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या थराच्या, आधाराने चालवला. तो जड होता, रेंगाळायचा, मेनूंवर विंडोजची छाप स्पष्ट दिसायची. 'हे पोर्ट नव्हे, ही पळवाट' अशी तक्रार तेव्हापासून सुरू झाली. त्याच वर्षी विंडोजच्या निर्मात्यांनी या कंपनीत १३.५ कोटी डॉलर गुंतवले आणि पुढे लिनक्सचं काम गुंडाळलं गेलं. या दोन गोष्टींचा संबंध लावायचा मोह कुणालाही होतो. पण कंपनी आधीच पैशाच्या ओढाताणीत होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. अस्सल म्हणवलेली आठवी आवृत्ती 'लिबसी ५' या लायब्ररीवर (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या संचावर) बेतलेली होती आणि डिस्ट्रो (लिनक्सची वेगवेगळी तयार वितरणं) तेव्हाच तिच्यापुढच्या पिढीकडे, 'जीलिबसी'कडे, सरकत होते. काही वर्षांत ती चालवायची तर जुन्या लायब्रऱ्या हुडकून बसवायची पाळी आली. लिनक्स कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, नियम कडक आहे: कर्नल बदलला तरी जुने प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. कर्नलच्या वरच्या लायब्रऱ्यांबाबत मात्र अशी हमी सगळ्यांनी मिळून कधीच दिली नाही. म्हणून नव्या डिस्ट्रोवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर सुरू केला की टर्मिनलवर एकच ओळ येते, 'जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही', आणि काम तिथेच थांबतं. सोर्स (मूळ कोड) हाताशी असेल तर पुन्हा कंपाइल करून मोकळं होता येतं. सोर्स न देता फक्त तयार प्रोग्रॅम, म्हणजे बंद बायनरी, विकणाऱ्याला दर डिस्ट्रोमागे धावावं लागतं.

यावर सामाईक मानकाचा उपाय काढला गेला. २००१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली, २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्काही मिळाला. पण त्यात आरपीएम पॅकेजची (सॉफ्टवेअर बांधून देण्याच्या एका पद्धतीची) अट होती, ती वेगळं पॅकेज वापरणाऱ्या डेबियनच्या गोटाला कधी मानवली नाही. २०१५ मध्ये खुद्द डेबियन डिस्ट्रोने त्या मानकाचा नाद सोडला. त्यानंतर आलेल्या फ्लॅटपॅक आणि स्नॅप या नव्या पॅकेज-पद्धतींनी वाद मिटवण्याऐवजी टाळला. प्रोग्रॅमने आपल्या लायब्रऱ्या सोबतच आणायच्या.

दरम्यान ज्या वाइनला पळवाट म्हटलं गेलं, तीच राजरस्ता झाली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने १.० आवृत्ती गाठली ती थेट २००८ मध्ये. २०१८ मध्ये तिच्यावर आधारलेला, विंडोजचे गेम चालवणारा 'प्रोटॉन' आला, २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हा लिनक्सवरचा हातात धरायचा गेम-संगणक. विंडोजचे हजारो गेम निर्मात्यांनी बोटही न हलवता लिनक्सवर चालू लागले. 'लिनक्सवर टिकाऊ इंटरफेस एकच, विंडोजचा' हा विनोद आता निम्माच विनोद उरला आहे. त्याच २०२२ मध्ये जीलिबसीच्या २.३६ आवृत्तीत एक जुनी हॅश तक्त्याची (लायब्ररीतली नावं शोधायच्या यादीची) सोय डीफॉल्ट म्हणून बंद झाली आणि एका नावाजलेल्या अँटी-चीट (खेळातली लबाडी रोखणाऱ्या) प्रणालीवर अवलंबून असलेले गेम अडकले. काही डिस्ट्रोंना ती सोय परत आणावी लागली.

अस्सल पोर्टची संख्या यामुळे वाढली नाही. 'रॉकेट लीग' या गेमने तर २०२० मध्ये आपल्या लिनक्स आवृत्तीचा ऑनलाइन खेळ बंद केला. ऑनलाइन गेमांच्या बाबतीत तांत्रिक अडसर बराचसा दूर झालाय. प्रमुख अँटी-चीट प्रणाली २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगीचं बटण प्रत्येक गेमच्या निर्मात्याकडे आहे आणि कित्येकांनी ते अजून दाबलेलं नाही.