कावळाही लिहायचा: लोकांच्या पक्षीगणनेमागची पार्श्वभूमी

फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेचे निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरायला लागले की त्यात एक सूचना हमखास असते. निदान पंधरा मिनिटं निरीक्षण करा आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहा. कावळा, पारवा, साळुंकीसुद्धा. नव्याने येणाऱ्याला ही किरकोळ बाब वाटते. प्रत्यक्षात तिच्यावरून पक्षीमित्रांमध्ये बरीच भवति न भवति झालेली आहे, आणि देशातल्या पक्ष्यांच्या वाढ-घटीबद्दल आज जे काही ठामपणे बोलता येतं, त्यातलं बरंचसं याच सूचनेच्या जोरावर.

हौशी माणसांनी नोंदी ठेवण्याची रीत तशी जुनी. १८८३ साली मुंबईत आठ जण एकत्र आले आणि निसर्गाच्या नोंदींची देवाणघेवाण सुरू झाली. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून पक्षी मारण्याची चढाओढ लागायची. १९०० साली त्याऐवजी पक्षी मोजायचं ठरलं आणि पहिल्या वर्षी २७ जणांनी मोजणी केली. ती गणना आजही चालू आहे. आपल्याकडे ठरल्या वेळी मोजायची सवय लावली ती १९८७ पासून जानेवारीत होणाऱ्या पाणपक्षी गणनेने. जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर अशा जलाशयांवर पहाटे दुर्बिणी घेऊन जायचं आणि थव्याचा अंदाज घ्यायचा. आधी दहा बदकं नीट मोजायची, तेवढा थवा नजरेत धरायचा, मग तसे किती थवे पाण्यावर आहेत ते पाहायचं. थापट्या, तलवार बदक, वारकरी यांचे आकडे असे जमत गेले. पाणथळीबाहेरच्या, माळावरच्या नि गल्लीतल्या पक्ष्यांची मोजदाद मात्र या पद्धतीत बसत नव्हती.

इंटरनेट घरोघरी पोचू लागल्यावर चित्र पालटलं. २००७ मध्ये हिवाळी पाहुण्यांसाठी एक देशव्यापी प्रकल्प सुरू झाला. प्रश्न अगदी साधा: यंदा हा पक्षी तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसला? कुणालाही उत्तर देता येईल असा, म्हणून लोक उत्साहाने आले. पण यात एक अडचण होती. रोज फिरायला जाणाऱ्याला धोबी पक्षी आला त्या आठवड्यातच दिसतो, फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्याला तो पंधरा दिवसांनी दिसू शकतो. पक्षी उशिरा आला की माणूस उशिरा गेला, हे नुसत्या तारखेवरून कसं ठरवणार?

पुढे चिमणीचा विषय तापला. २० मार्चचा चिमणी दिन २०१० पासून पाळला जाऊ लागला, त्यामागे नाशिकची एक संस्था होती. २०१२ मध्ये चिमणीची लोकगणना झाली. तुमच्याकडे आता चिमण्या आहेत का, पूर्वी होत्या का, असं विचारलं गेलं आणि पाच हजारांहून अधिक माणसांनी कळवलं. एका पक्ष्यासाठी इतकी माणसं पुढे येतात हे दिसलं, ही फार मोठी कमाई. पण ज्याच्या मनात चिमणी हरवल्याची हळहळ आहे तोच आधी कळवायला येतो, आणि आठवणीवर आकडेशास्त्र फार भार टाकू शकत नाही.

म्हणून २०१३-१४ च्या सुमारास भारतातले पक्षीनिरीक्षक मोठ्या संख्येने ई-बर्डकडे वळले, तेव्हा गणनांच्या आयोजकांनी पूर्ण यादीचा आग्रह धरला. ई-बर्ड हे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेलं, पक्ष्यांच्या नोंदी टाकण्याचं ऑनलाइन व्यासपीठ. यात यादी भरताना सुरुवातीची वेळ, किती मिनिटं पाहिलं, किती अंतर चाललात, सोबत किती जण होते हे लिहावं लागतं. शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? हो किंवा नाही.

वाद पेटला तो या ‘हो-नाही’वरून. ज्येष्ठ मंडळींच्या वह्यांमध्ये तीस-तीस वर्षांच्या नोंदी होत्या, पण त्या विशेष पक्ष्यांच्या. दुर्मीळ काही दिसलं तर तारीख, जागा, वर्णन सगळं व्यवस्थित. त्या दिवशी दिसलेले होले आणि बुलबुल कुणी लिहिले नव्हते. अशा नोंदी ई-बर्डवर टाकता येतात, पण उत्तर ‘नाही’ द्यावं लागतं आणि वाढ-घटीच्या हिशोबात त्या धरल्या जात नाहीत. उभं आयुष्य घालवून ठेवलेली वही अशी बाजूला राहिली तर कुणालाही लागणारच. छायाचित्रकारांची तक्रार निराळी होती. त्यांच्याकडे पुरावा होता, यादी नव्हती. आणि नवशिके म्हणायचे, आम्हाला जेमतेम वीस पक्षी ओळखता येतात, आमची यादी पूर्ण कशी?

नवशिक्यांचं उत्तर सगळ्यात सोपं, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी सांगितलं जाणारं. पूर्ण म्हणजे तिथे असलेले सगळे पक्षी नव्हेत. तुम्हाला ओळखता आलेल्यांपैकी एकही मुद्दाम गाळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीस ओळखता येत असतील तर वीसच. संख्या सांगता येत नसेल तर आकड्याच्या जागी फुली चालते.

ज्येष्ठांशी झालेला वाद तितका सोपा नव्हता. तरी माझ्या मते आयोजकांचंच बरोबर होतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत कावळा आहे, हा आकडा दहा वर्षांनी पुन्हा काढता येतो. यादीत कावळा नसेल तर तो दिसला नाही, हे खात्रीने धरता येतं. निवडक नोंदींत कावळा नसेल तर काहीच कळत नाही. तो नव्हता की लिहिला नाही? जुन्या वह्याही अगदीच वाया गेल्या नाहीत. ज्यांनी त्या दिवशीचे सगळे पक्षी लिहून ठेवले होते त्यांच्या याद्या संगणकावर चढवल्या गेल्या. त्यांत वेळ आणि अंतर नसायचं, म्हणून यादी किती लांब आहे यावरून त्या दिवशी किती कष्ट घेतले याचा अंदाज बांधला गेला.

या आग्रहाचं फळ २०२० च्या देशव्यापी अहवालात दिसलं. सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी, ८६७ जाती. चिमणी देशभरात एकंदर टिकून आहे, मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती घटली आहे, असं त्यातून निघालं. हळहळीने विचारलेल्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर पहिल्यांदाच मिळालं. २०२३ च्या अहवालात निरीक्षक ३० हजारांवर आणि नोंदी तीन कोटींवर गेल्या. मोर वाढतोय, आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ इतका कमी होतोय की त्याच्या धोक्याच्या वर्गवारीचा फेरविचार करावा, अशी शिफारस झाली. ९४२ जाती तपासल्या, पण लांब पल्ल्याचा कल काढता आला तो फक्त ३३८ जातींचा, आणि त्यांतल्या २०४ घटलेल्या निघाल्या. उरलेल्या जातींसाठी जुन्या काळातल्या पुरेशा याद्याच नाहीत.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह सरकारी पातळीवर साजरा होतो, शाळा-महाविद्यालयं त्यात उतरतात. तरीही पुण्या-मुंबईच्या याद्यांपुढे हिंगोली, परभणीच्या याद्या अगदी तुरळक. केरळने २०१५ ते २०२० या काळात राज्याच्या नकाशाचे चौकोन पाडून हजाराहून अधिक स्वयंसेवकांकडून ते पिंजून काढले. माणसं जिथे राहतात तिथलीच माहिती येते, ही त्रुटी त्यांनी अशी भरून काढली. आपल्याकडे या तोडीचं काम व्हायला हवं.

सध्या खटके उडतात ते ई-बर्डवरच्या नोंदींच्या तपासणीवरून. एखाद्या जिल्ह्यात त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी किंवा फार मोठा आकडा टाकला की नोंद अडकते आणि स्वयंसेवक तपासनीस विचारणा करतो. तो फोटोच मागतोय असं समजून कॅमेरा नसलेले गावाकडचे निरीक्षक नाराज होतात, काही जण याद्या टाकणंच सोडतात. खरं तर नीट वर्णनही चालतं: आकार, चोच, शेपटी, आवाज, कशावर बसला होता, किती वेळ दिसला. पक्ष्यांची मराठी नावं ॲपमध्ये दिसतात. विचारणेचं पत्रही मराठीत जाऊ लागलं, तर यातले निम्मे खटके मिटतील.