वहीत जे नाही, ते यंत्र कुठून आणतं?

नोव्हेंबर २०१५ मध्ये मॉस्कोत रोमान माझुरेंको नावाचा तरुण अपघातात गेला. त्याची मैत्रीण युजेनिया कुयदा संगणकक्षेत्रातली. तिने त्याचे हजारो मेसेज गोळा केले आणि २०१६ मध्ये त्याच्या ढंगात उत्तरं देणारा चॅटबॉट बनवला. ते मेसेज रोमानने यासाठी लिहिले नव्हते, ते सहज मागे राहिले होते. आता मात्र काही जण हेच ठरवून करू लागलेत. रोजनिशी लिहायची, ती एआयला द्यायची आणि आपल्यासारखा विचार करणारी आपलीच एक आवृत्ती घडवायची. रावेर-यावलच्या केळीवाल्यांपासून जळगावच्या सराफांपर्यंत खान्देशात वह्यांची सवय जुनी आहे. पण त्या वह्यांतून माणूस उभा राहील का?

त्यासाठी आधी आतलं काम समजून घ्यायला हवं. भाषेचं मॉडेल म्हणजे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारं प्रचंड गणित. २०२० सालच्या जीपीटी-३ या मॉडेलला शिकवताना मजकुराचे, म्हणजे शब्दांचे किंवा शब्दांच्या भागांचे, सुमारे ३० हजार कोटी तुकडे वापरले होते. तुम्ही रोज दोनशे शब्द लिहिलेत तरी दहा वर्षांत होतात सात लाख तीस हजार. एवढ्याशा मजकुरावर मॉडेल मुळापासून घडत नाही. म्हणून तयार मॉडेल घेतात आणि दोनपैकी एक वाट धरतात. पहिली म्हणजे प्रश्न आला की वहीतली त्याच्याशी अर्थाने जवळची पानं शोधून मॉडेलपुढे ठेवायची. दुसरी म्हणजे फाइन-ट्यूनिंग, तयार मॉडेलला आपल्या मजकुरावर पुन्हा थोडं शिकवणं. तिच्यातल्या ‘लोरा’ या २०२१ मधल्या पद्धतीत मूळ मॉडेलचे आकडे तसेच ठेवून बाजूला छोटीशी भर घालतात आणि तेवढीच शिकवतात. पहिल्या वाटेने तुमच्या गोष्टी नीट आठवतात, दुसरीने बोलण्याची ढब येते.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच घडते. तुमच्या वहीत जे नाही, ते मॉडेल जगभरच्या मजकुरातून भरतं. तेही इतक्या सफाईने, की सांधा दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी जोखीम हीच आहे.

समजा, रावेर तालुक्यातल्या एका बागायतदाराने लिहिलं: ‘केळीला पाणी दिलं. मजूर आले नाहीत. व्यापारी येऊन गेला.’ उद्या त्याच्या मुलाने या वहीला विचारलं की, बाबांनी या भावात माल दिला असता का, तर उत्तर येईल, पण ते कुठल्याही शेती-सल्ल्याच्या पानावरचं असेल. आता तोच दिवस असा लिहिला असता तर: ‘व्यापाऱ्याने भाव बरा सांगितला, तरी माल दिला नाही. घड अजून भरायचा आहे. मे संपत आला, वादळ आलं तर बाग आडवी होईल हे कळतं, पण गेल्या वर्षी घाई केली आणि वजनात मार खाल्ला. हिने देऊन टाका म्हटलं. रात्री झोप लागली नाही.’ इथे माणूस आहे. त्याने काय केलं एवढंच नाही, कशाला भ्यायला, जुनं काय आठवलं, घरात कुणाचं ऐकलं नाही, हे सगळं आलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये १,०५२ लोकांच्या दोन-दोन तास मुलाखती घेतल्या. मुलाखत घेणाराही एआयच होता आणि प्रश्न होते आयुष्याच्या कहाणीचे, मतांचे. त्यांवरून प्रत्येकाची प्रतिकृती करून तिला एका प्रसिद्ध सामाजिक सर्वेक्षणातले प्रश्न विचारले. खऱ्या माणसांनाही तेच प्रश्न दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा विचारले होते. माणूस स्वतःच्याच आधीच्या उत्तरांशी जितका जुळला, त्या जुळणीच्या ८५ टक्के इतकी प्रतिकृतींची उत्तरं माणसांच्या उत्तरांशी जुळली. नुसतं वय, लिंग, राजकीय कल अशी माहिती देऊन केलेल्या प्रतिकृती त्यांच्या मागे पडल्या. मला या प्रयोगातली एक बाजू फार मोलाची वाटते: पंधरा दिवसांत माणसाचीही उत्तरं बदलतात. म्हणून मत बदललं तर जुनं खोडू नये, नवीन लिहावं आणि का बदललं तेही लिहावं.

विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २,४०० घटना नोंदवल्या. काय घडलं, कोण होतं, कुठे, कधी. मग एकेक खूण घेऊन आठवून पाहिलं. ‘काय’ सर्वांत उपयोगी पडलं आणि ‘कधी’ जवळजवळ निकामी ठरलं. पानं शोधणारं यंत्रही अर्थाच्या जवळिकीवर चालतं, त्यामुळे नुसत्या तारखेने त्याच्याही हाती फारसं लागत नाही. शिवाय ते वही सलग वाचत नाही, तुकडा उचलतं. ‘आज परत तेच झालं, त्याच्याकडे गेलो नाही’ हे वाक्य तुम्हाला लख्ख कळतं, सुटं उचललं की मुकं होतं. ‘धाकट्या मामांकडे चाळीसगावला गेलो नाही, वाटणीवरून बोलणं झालंय’ असं लिहिलं की तो तुकडा एकटाही बोलतो.

आता भाषेचं. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जुन्या निनावी लेखांचा लेखक ओळखला, तो मोठ्या शब्दांवरून नाही, किरकोळ शब्द किती वेळा येतात त्यावरून. माणसाची ओळख अशा बारक्या शब्दांत असते. आपण घरात अहिराणीत ‘माले वाटस, आते पानी येई’ म्हणतो आणि वहीत ‘मला वाटतं, आता पाऊस येईल’ लिहितो. त्या वहीतून घडलेलं यंत्र आपल्या आजीशी पेपरातल्या मराठीत बोलेल. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने १९०७ मध्ये भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांबरोबर ठेवलं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाखांवर होते, तरी अहिराणीतला लिखित मजकूर मराठीच्या मानाने अगदी थोडा. तुम्ही जितकं अहिराणीत किंवा लेवा बोलीत लिहाल, तितकीच मॉडेलची ओढ प्रमाण भाषेकडे कमी होईल. लिहिता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करावं, आणि यंत्राने उतरवलेला मजकूर घरच्या कुणीतरी तपासावा, नाहीतर ‘शे’चं ‘आहे’ होऊन बसेल. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या.

वहीत आपल्याबरोबर इतरही असतात. बायकोचं आजारपण, भावाचं कर्ज. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती, खासगी वापराला लागू होत नाही, म्हणजे ही जबाबदारी आपल्यावरच येते. अशी पानं वेगळी ठेवावीत आणि शक्य असेल तर मॉडेल स्वतःच्या संगणकावरच चालवावं, अशी मॉडेल्स मोफत मिळतात. आपल्यामागे ही आवृत्ती कोणी वापरावी, तिच्याकडून काय वदवून घेऊ नये, हेही प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावं. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आवृत्ती किती खरी आहे हे तपासायची रीत सोपी आहे. शेवटच्या सहा महिन्यांची पानं तिला द्यायची नाहीत. त्या काळात घेतलेले निर्णय प्रश्न म्हणून विचारायचे: कापूस कधी विकला, लग्नाला किती आहेर केला, कुणाला उसने दिले नाहीत. उत्तरं झाकलेल्या पानांशी ताडून पाहायची. जिथे ती ठामपणे चुकते, त्या विषयावर आधीची वही उघडून बघा. बहुतेकदा तिथे तुम्ही नुसतं ‘पाणी दिलं’ एवढंच लिहिलेलं सापडेल.