मिसळीतली साखर उचलतं कोण?

नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ, पाव आणि वर जिलबी. पावातला स्टार्च पचून साखर रक्तात उतरते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी सांगितलं जातं: इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा प्रयोगशाळेतल्या मोजणीनुसार ७० ते ८० टक्के वाटा स्नायूंचा असतो. म्हणून टाइप २ मधुमेहाची गोष्ट मांड्या-पोटऱ्यांपासून सुरू करावी, असं मला वाटतं.

इन्सुलिनचा निरोप मिळाला की स्नायूपेशीतली ग्लूट-४ नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि साखरेला आत घेतात. इन्सुलिनरोधात हा निरोप वाटेतच अडतो. कशाने? बराच काळ बोट मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म भागांकडे होतं. २००३ साली मधुमेहींच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा बनवणारी प्रथिनं ज्या जनुकांवरून तयार होतात, ती जनुकं मंदावलेली दिसली. २००४ मध्ये येल विद्यापीठात मधुमेहींची सडपातळ, तरुण मुलं तपासली. ज्यांच्यात इन्सुलिनरोध होता, त्यांच्या स्नायूंतली ऊर्जानिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती आणि पेशींत चरबी साचलेली होती. न जळलेली चरबी निरोप अडवते, असा तर्क निघाला.

तर्क देखणा, पण आपल्यालाच तो नीट लागू पडेना! २००८ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या भारतीयांची तुलना उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांशी केली. भारतीयांमध्ये इन्सुलिनरोध जास्त, आणि मायटोकॉन्ड्रियाची क्षमताही जास्तच. त्याआधी २००३ मध्ये असंही दिसलं होतं, की निरोगी माणसाला इन्सुलिन दिलं की मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती वाढते. मधुमेहींमध्ये ती वाढत नाही. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची मरगळ हे काही वेळा रोधाचं कारण नसून परिणामही असू शकतो. ‘मायटोकॉन्ड्रिया सुधारा, मधुमेह घालवा’ म्हणत महागड्या गोळ्या विकणाऱ्यांना हे कोणी सांगावं?

चालण्याचं मात्र वेगळं आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट पाहत नाही. ग्लूट-४ दुसऱ्याच मार्गाने वर येतं, अगदी मधुमेहींमध्येसुद्धा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारा नाहीतर पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, इन्सुलिनला वाढलेला प्रतिसाद साधारण एक-दोन दिवस टिकतो. त्यामुळे फक्त रविवारी चालून आठवडा निघत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.