रिपब्लिकन पक्ष बाबासाहेबांनी स्थापन केला का?

'बाबासाहेबांनी स्थापन केलेला रिपब्लिकन पक्ष' हे वाक्य दर निवडणुकीत कानावर येतं. भाषणांत येतं, बॅनरवर येतं. ते तारखांशी जुळत नाही.

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चं. भारतीय रिपब्लिकन पक्षाची स्थापना नागपुरात झाली ती 3 ऑक्टोबर 1957 ला, एन. शिवराज पहिले अध्यक्ष. संकल्पना मात्र बाबासाहेबांचीच होती. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हा आपला आधीचा पक्ष बरखास्त करून सर्व शोषितांना सामावणारा पक्ष काढायचं त्यांनी हयातीतच ठरवलं होतं. संकल्पक आणि संस्थापक यांतला हा फरक जपायला हवा, कारण त्यानंतरची उभारणी अनुयायांनी केली आणि ते श्रेय त्यांचं आहे.

बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड 1957 साली नाशिकमधून लोकसभेत गेले, तेही फेडरेशनतर्फे; रिपब्लिकन पक्ष तेव्हा जन्मलाच नव्हता. त्या विजयामागे संयुक्त महाराष्ट्र समितीची साथ होती.

'हा पक्ष महाराष्ट्राबाहेर कधी गेलाच नाही' हेही चूक. 1962 मध्ये लोकसभेच्या तीन जागा मिळाल्या, तिन्ही उत्तर प्रदेशात. अलीगढहून बी. पी. मौर्य निवडून आले. महाराष्ट्रातून त्या वेळी एकही नाही! पुढे गटबाजीने पक्ष पोखरला. तरी 1998 मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे असे चौघे महाराष्ट्रातून, तेही खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेत पोचले.