घरी लागणारी वैद्यकीय उपकरणं आणि ज्येष्ठांचा आरोग्य विमा

वयस्कर माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याच्या मागोमाग सामान येतं, वॉकर, कमोडची खुर्ची, वाफेतून औषध देणारा नेब्युलायझर, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन, बेडसोर होऊ नयेत म्हणून एअर बेड, डोक्याकडून वर होणारा फाउलर बेड. याचे पैसे मेडिक्लेममधून मिळतात का? भारतातल्या बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये नाही मिळत, आणि हे घरच्यांना कळतं ते डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या काउंटरवर.

याचं मूळ असं की आपल्याकडचा आरोग्य विमा अ‍ॅडमिशनभोवती बांधलेला आहे. २४ तास भरती, बेडचं भाडं, ऑपरेशन, औषधं. शरीराच्या आत बसवलेली वस्तू उपचाराचा भाग धरतात, म्हणून पेसमेकर, स्टेंट, मोतीबिंदूची लेन्स, गुडघ्याचं इम्प्लांट हे पॉलिसीच्या मर्यादेत मिळतं. शरीराबाहेर राहणारी वस्तू मात्र वेगळी मोजतात. आमच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नेमकं हेच झालं, लाखाच्या वर गेलेलं इम्प्लांट पास झालं आणि ज्या वॉकरशिवाय ती पलंगावरून उठूच शकत नव्हती तो वॉकर, नी-ब्रेस, क्रेप बँडेज या तिन्ही ओळींपुढे 'नॉन पेएबल' असं लिहून आलं.

ही कापाकापी विमा कंपनीच्या मनावर नसते. विमा नियामक आयआरडीएआयने न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादीच दिलेली आहे आणि ती बहुतेक पॉलिसींच्या शेवटी बारीक अक्षरात जोडलेली असते. त्यात टीव्ही, टेलिफोनचं बिल, मिनरल वॉटर अशा गोष्टी आहेत ते ठीक, पण त्याच यादीत वॉकिंग एड्स, दवाखान्याबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलेंडर, नेब्युलायझर किट, इनहेलरला जोडायची नळी म्हणजे स्पेसर, डायपर, डायबेटिक चपला, कमरेचा पट्टा, एअर बेड आणि वॉटर बेड पण आहेत, म्हणजे म्हातारपणी घरात जे लागतं ते जवळपास सगळंच. सीपॅप (झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन), बायपॅप, कॉन्सन्ट्रेटर यासारखी मोठी मशीन्स बऱ्याच पॉलिसींमध्ये 'ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट', म्हणजे टिकाऊ, पुन्हा पुन्हा वापरायची उपकरणं, या नावाने वेगळी वगळलेली असतात.

मुलं अमेरिकेत असतील तर ती फोनवर विचारतात की विम्यात वॉकर कसा काय बसत नाही, कारण तिथे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या पार्ट बी मध्ये डॉक्टरने लिहून दिलेली अशी उपकरणं घरी वापरायला मिळतात, वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम, भरून झालं की मंजूर रकमेच्या २० टक्के पेशंटने द्यायचे. आपल्याकडे ती सवय विम्याला अजून लागलेली नाही.

इथे दोन गैरसमज फार होतात. पहिला, पोस्ट हॉस्पिटलायझेशन म्हणजे डिस्चार्जनंतरचा खर्च. २०२० मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी या स्टँडर्ड पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात, काहींमध्ये जास्त, आणि लोक समजतात की त्या दिवसांत घेतलेलं मशीनही चालेल, पण तिथे औषधं, तपासण्या, डॉक्टरची फी हे बसतं, मशीन वगळलेलं असेल तर वगळलेलंच राहतं. दुसरा, डोमिसिलरी म्हणजे घरी राहून घेतलेले उपचार. पेशंटला हलवता येत नसेल किंवा बेड मिळत नसेल तर हा भाग लागू होतो, पण बऱ्याच पॉलिसींमध्ये त्यातून दमा, ब्राँकायटिस, डायबेटिस, संधिवात हे आजार आधीच बाहेर काढलेले असतात, आणि म्हाताऱ्या माणसांचे आजार तर हेच.

आता काही कंपन्या जास्तीचा हप्ता घेऊन रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, देतात. त्यात फरक ओळखायला हवा, एजंट कधी कधी दोन्ही एकच म्हणून सांगतात. कन्झ्युमेबल्सचा (वापरून संपणाऱ्या किरकोळ वस्तूंचा) रायडर साधारणपणे अ‍ॅडमिशनच्या बिलातल्या त्या ६८ वस्तूंसाठी असतो, घरी न्यायच्या मशीनसाठी ड्युरेबल इक्विपमेंटचं कव्हर वेगळं लागतं आणि त्यातही कुठली उपकरणं, किती रकमेपर्यंत, हे वाचूनच घ्यावं. आधीपासून असलेल्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो, २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केलाय, म्हणजे दम लागायला लागल्यावर पॉलिसी घेतली तर बायपॅपची गरज बहुतेक आधी येईल.

सरकारी बाजूला चित्र थोडं वेगळं आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून तज्ज्ञ डॉक्टरची शिफारस आणि आधी घेतलेली परवानगी असेल तर बायपॅप, कॉन्सन्ट्रेटर, श्रवणयंत्र यांचे पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत मिळतात. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांचं कव्हर आहे, पण तेही भरतीसाठीच, डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं धरतात. उपकरणांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ६० वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना शिबिरात काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कवळी मिळते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर खात्यात एकदाच ३००० रुपये. त्यात फोल्डिंग वॉकर किंवा कमोड खुर्ची येते, कॉन्सन्ट्रेटर येत नाही.

म्हणून प्रत्यक्षात महाराष्ट्रातली कितीतरी घरं चालतात ती रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांवर, म्हणजे अशी उपकरणं भाड्याने देणाऱ्या केंद्रांवर. डिपॉझिट भरायचं, नाममात्र भाडं द्यायचं, फाउलर बेड टेम्पोत घालून घरी आणायचा आणि काम झालं की पुसून परत द्यायचा. दोन-तीन महिन्यांसाठी लागणारी वस्तू विकत घेण्यापेक्षा हे खरंच चांगलं, फक्त कॉन्सन्ट्रेटर घेताना तो किती लिटरचा (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन देणारा) हवा ते डॉक्टरला विचारूनच घ्यायचा आणि लाइट गेली तर म्हणून एक भरलेला सिलेंडर जवळ ठेवायचा.

पॉलिसीत कव्हर असूनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीत नुसतं 'बायपॅप' नको, आजाराचं नाव, रोज किती तास आणि किती महिने, हे सगळं लिहून घ्यायचं, डिस्चार्ज कार्ड हातात पडायच्या आधीच.