ग्लूटेनमुक्त दळण : कोणाला लागतं, आणि आणताना काय सांभाळायचं

आमच्या परभणीच्या गिरणीत हल्ली रोज कोणी ना कोणी विचारतं, "ग्लूटेन बंद केलंय, वेगळ्या चक्कीवर ज्वारी दळून द्याल का?" देतो, आनंदानं देतो. पण विचारणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात. काहींना पोळी कमी करून भाकरीवर यायचं असतं. काहींना डॉक्टरांनी सीलिॲक आजार सांगितलेला असतो, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराला इजा करतं. या दोघांचं दळण एकसारखं नाही, म्हणून हे पत्रक.

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणकेला ताण येतो आणि पोळी लाटता येते ती त्याच्यामुळं. ज्वारीत ते नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते आणि पीठ जुनं झालं की कडा चिरतात. बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, भगर, राजगिरा आणि डाळी यांतही ते नाही. खपलीत मात्र आहे. खपली पचायला हलकी म्हणून बरेच जण आवडीनं नेतात, आम्हीही विकतो. पण तो गहूच आहे, सीलिॲकच्या माणसाला चालत नाही.

हा आजार किती जणांना असतो? भारतातल्या २३,३३१ प्रौढांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. उत्तर भारतात १.२३ टक्के लोकांच्या रक्तात सीलिॲकची प्रतिपिंडं (या आजारात शरीर तयार करतं ती प्रथिनं, अँटीबॉडी) आढळली, दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. आजारासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडं जवळपास सारख्याच लोकांत होती. फरक ताटात होता : उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपल्या घरांत रेशनचा गहू आल्यापासून पोळी वाढत गेली, भाकरी एका वेळेवर आली. तरीही हिशेब शंभरात एखादा, किंवा त्याहून कमी, असाच धरायला हवा.

ग्लूटेन सोडणारे मात्र यापेक्षा पुष्कळ वाढलेत. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य पाहणीत २००९-१० ते २०१३-१४ या काळात सीलिॲकचं प्रमाण वाढलं नाही, पण आजार नसताना ग्लूटेन सोडलेले लोक ०.५२ टक्क्यांवरून १.६९ टक्क्यांवर गेले. काहींना सीलिॲक नसतो, तरी गहू खाल्ला की पोट फुगतं, जड होतं. त्यांचा त्रास खोटा नाही. फक्त त्याचं कारण दर वेळी ग्लूटेनच असतं असं नाही. नॉर्वेत अशाच ५९ जणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लूटेनपेक्षा गव्हातल्याच फ्रुक्टान या कर्बोदकानं जास्त त्रास दिला, आणि फ्रुक्टान कांद्या-लसणातही असतं.

म्हणून एक विनंती. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, वारंवार जुलाब होत असतील, वजन उतरत असेल किंवा सख्ख्या नात्यात कोणाला सीलिॲक असेल, तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांकडं जाऊन रक्ताची टीटीजी तपासणी (सीलिॲकची प्रतिपिंडं शोधणारी) करून घ्या. गहू बंद करून काही महिने गेले की प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही तपासणीत दिसत नाही. मग निदानासाठी पुन्हा गहू खायला लावतात, आणि तो त्रास नाहक होतो.

आता आमच्याकडची सगळ्यात मोठी अडचण सांगतो. ग्राहक निवडलेली ज्वारी आणतात, पण आणतात ती काल गव्हाचं दळण नेलेल्या डब्यात. डब्याच्या कडेला, झाकणाच्या खाचेत पीठ चिकटलेलं असतं. किंवा ज्वारी शेतावरच्या पोत्यातून येते आणि त्यात गव्हाचे दाणे निघतात, कारण दोन्ही धान्यं एकाच मळणी यंत्रातून काढलेली असतात. असं एक दळण वेगळ्या चक्कीत गेलं की चक्की बंद करावी लागते. दगड उघडायचे, ब्रशनं झाडायचे, पिठाची कापडी नळी बदलायची, मग घरची ज्वारी दळून ते पीठ जनावरांना टाकायचं. अर्धा दिवस जातो आणि मागचे सगळे थांबतात.

"चिमूटभर पिठानं काय होतंय," असं म्हणतात. सीलिॲकच्या माणसाला होतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं प्रयोगात दिसलंय. ५० मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम गव्हाचं पीठ.

म्हणूनच आम्ही धान्य आधी परातीत ओतून बघतो. कोणावर अविश्वास म्हणून नाही. ही चक्की वेगळ्या खोलीत आहे, कारण गव्हाच्या पिठाची धूळ हवेत तरंगत राहते. तिच्यावर किलोमागे तीन रुपये जास्त पडतात ते या खोलीचे आणि निवडणाऱ्या बायांच्या मजुरीचे. ज्यांना सीलिॲक नाही त्यांनी हे तीन रुपये देऊ नयेत. नेहमीच्या चक्कीवरचं ज्वारीचं पीठ तुमच्यासाठी तितकंच चांगलं आहे, आम्ही स्वतः घरी तेच खातो.

तुम्ही आणलेल्या धान्याच्या पिठावर आम्ही "ग्लूटेनमुक्त" असं लिहून देत नाही. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, आणि ती तपासल्याशिवाय तसा शब्द लिहिणं बरोबर नाही. आमच्या पाकीटबंद ज्वारी, बाजरी आणि भगरीच्या पिठाचा प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासून येतो. घरात सीलिॲकचा रुग्ण असेल तर तेच न्या, असं आमचं मत आहे.

पीठ शुद्ध नेलं तरी स्वयंपाकघरात लक्ष ठेवा. बाजारातल्या पुष्कळ हिंगांत मैदा असतो, पाकिटावरचे घटक वाचा. येसरात, थालिपिठाच्या भाजणीत आणि सातूत बहुतेक घरी गहू पडतो. धपाट्यांतही कणीक घालतात. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. पिठाची चाळणी रुग्णासाठी वेगळीच ठेवा, ती कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं.

वेगळ्या चक्कीचं दळण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी होतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा. येसर, भाजणी बिनगव्हाची हवी असेल तर तीही करून मिळेल. घरी कोरा डबा नसेल तर रिकाम्या हातानं या, ज्वारी आमच्याकडची निवडलेली घेता येईल आणि नवी कापडी पिशवी मिळेल. पिशवीचे पैसे लागत नाहीत.