कुलूप किती भारी, हे चोर नंतर बघतो

मागच्या गणपतीत समोरचे काका कोकणात गेले, जाताना सेफ्टी डोअरच्या कडीला हे भलंमोठं पितळी कुलूप, तेही तीनदा ओढून बघितलं. मला तेव्हाच वाटलं, अहो हे कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतंय की घरात कोणी नाही! कडीकोयंडा कटावणीने उचकटता येतो, पण आत माणूस आहे की नाही हा प्रश्न चोरासाठी त्याच्या आधी येतो.

इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठात क्लेअर नी नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आयुष्य घरफोड्यांशी बोलण्यात घालवलंय. २०१५ साली त्यांच्या टीमचा एक भारी प्रयोग छापून आला, ६ जुने घरफोडे आणि ६ विद्यार्थी, एकदा खऱ्या घरात आणि एकदा कॉम्प्युटरवरच्या घरात खोटी चोरी करायला सोडले. विद्यार्थी भरकटत राहिले, घरफोड्यांनी मात्र वस्तू कमी उचलल्या पण महागाच्या, आणि जिथे माल असतो तिथेच जास्त वेळ दिला. सुगरण मीठ मोजत नाही ना, हात आपोआप थांबतो, तसंच हे, विचार न करता नजर फिरते. त्यामुळे साड्यांच्या घडीखालचा डबा हे गुपित आपल्यापुरतंच समजायचं.

त्याहून मला पटलेली गोष्ट इंग्लंडातल्याच रॉचडेल शहराची. तिथल्या कर्कहोल्ट वस्तीत १९८० च्या दशकात घरफोड्यांचा सुळसुळाट होता, आणि आकडे मांडल्यावर दिसलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटायची शक्यता कितीतरी जास्त. साहजिक आहे, वाट माहितीची, खोल्या माहितीच्या, आणि चोरीला गेलेला टीव्ही एव्हाना नवा आलेला! मग तिथे काय केलं, तर घराघरातले नाणी टाकायचे गॅस-विजेचे मीटर काढले (म्हणजे आयता गल्लाच की), आणि घर फुटलं की आजूबाजूच्या पाच-सहा शेजाऱ्यांना त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या जवळपास ७५ टक्क्यांनी घटल्या.

पुढे लंडनच्या शेन जॉन्सन आणि केट बोवर्स या संशोधकांनी दाखवलं की धोका शेजारच्या घरांनाही लागतो, तापाच्या साथीसारखा, आणि काही आठवड्यांत ओसरतो. म्हणजे बी विंगमध्ये चोरी झाली की 'आपल्याकडे नाही ना' म्हणून सुस्कारा टाकायचे ते दिवस नाहीत, उलट तेव्हाच जागं राहायचं.

काका आता लॅच ओढून घेतात, चावी आमच्याकडे, संध्याकाळी मी जाऊन ट्यूब लावते. पितळी कुलूप गावाच्या घराला लावतात.